पोरं पावनखिंडीला निघालीत?

आषाढ लागला, की कोल्हापुरातल्या घराघरांत एक हट्ट सुरू होतो. "आई, यंदा मी पावनखिंडीला जाणार!" बाहेर धो धो पाऊस, आणि पोरांना डोंगर सुचतो. तुमच्या तोंडून पटकन 'नाही' निघतं. पण मैत्रिणींनो, नुसतं नाही म्हणून भागत नाही. मग मुलं चार मित्रांना घेऊन गुपचूप निघतात, आणि खरा धोका तिथंच असतो. त्यापेक्षा ही वाट आपणच समजून घेऊ या.

12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी शत्रूला अडवलं, म्हणून ती पावनखिंड. त्या आठवणीसाठी दर जुलैत माणसं ही वाट पायी चालतात. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. बहुतेक मंडळी दोन दिवसांत चालतात, रात्री एखाद्या वाडीत मुक्काम करतात.

आता धोके बघा. मसाईच्या पठारावर धुकं उतरलं, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मागं राहिलेलं पोर तिथंच चुकतं. पुढं शेवाळलेला कातळ आणि लाल चिखल, पाय घसरला की घोटा मुरगळलाच. सगळ्यात वाईट म्हणजे ओढे. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वर पाऊस झाला की बघता बघता कमरेला येतं. मुलांना एकच नियम पाठ करून द्या : पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल, तर उतरायचं नाही. काठावर थांबायचं. पाऊस उघडला की ओढा बहुधा काही तासांत ओसरतो. खिंडीत उतरताना तर घाई नकोच. फोटोसाठी कड्याच्या टोकाला जाणं नको, हेही बजावून सांगा.

पिशवी तुम्ही स्वतः भरा. जीन्स आणि सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, अंगातली ऊब काढून घेतात. थंडीनं कुडकुडून बोबडी वळली, तर ते गंभीर समजायचं. म्हणून एक कोरडा जोड आणि लोकरी टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या. खोल नक्षीच्या तळाचे बूट, बॅटरी, शिट्टी हवीच. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी द्या. जळू ओढून काढू नये, मीठ लावलं की सुटते. खायला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, गूळ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं, की थकव्यावरचं पाणी तयार. चमचा चहाचा घ्या.

पैसे भरण्याआधी नेणाऱ्या मंडळींना विचारा : किती मुलांमागं एक जाणता माणूस? सगळ्यात शेवटी कोण चालणार? दोर आणि प्रथमोपचार पेटी आहे का? पाऊस फार झाला तर परत फिरणार का? राज्य शासनानं 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा संस्थांनी नोंदणी करायची आहे. तीही विचारा. उत्तर देताना कुणी हसण्यावारी नेलं, तर तिथं पोर पाठवू नका.

पोर परत आलं की काम संपलं असं नाही. भातखाचरांतून चालताना जखमेत चिखल जातो. गरम पाण्यानं, साबणानं पाय धुवून खरचटलेलं तपासा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरी काढा करत बसू नका. डॉक्टरांना 'चिखलात चालला होता' हे आवर्जून सांगा. लेप्टोचा ताप वेळेवर ओळखला तर औषधानं बरा होतो.

आणि हट्ट मुलीनं धरला तर? हेच प्रश्न, हीच पिशवी. आपल्याच कोल्हापूरची कस्तुरी सावेकर 2022 साली एव्हरेस्टवर जाऊन आली. तिच्याही घरी कुणीतरी आधी 'जा' म्हटलंच असेल की!