कोकम : तंजावूरची आख्यायिका आणि आरोग्याचे दावे

तंजावूरच्या मराठी दरबारात कोकणातून येणारी आमसुले एकदा संपली, म्हणून शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) मुदपाकखान्यात आमटीला चिंचेचा कोळ घालण्यात आला आणि सांबार जन्मास आले, असे सांगितले जाते. ही आख्यायिकाच, परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आमसुले दुर्मीळ असणे स्वाभाविक होते. कोकम हा पश्चिम घाटातील पर्जन्यवनांचा व कोकण-गोव्याच्या मुसळधार पावसाचा वृक्ष आहे.

कोकमाच्या सालीचा लाल रंग अँथोसायनिन द्रव्यांमुळे येतो, तर आंबटपणात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा मोठा वाटा असतो. सालीतील गार्सिनॉल या घटकाचे ऑक्सिडीकरणरोधक गुण प्रयोगशाळेत आढळले आहेत. मात्र प्रयोगशाळेतील गुण म्हणजे रोगावरील औषध नव्हे.

हेच आम्ल केरळात माशांच्या कालवणात पडणाऱ्या कुडमपुळीतही असते. तिच्या अर्काच्या गोळ्या वजन घटविण्यासाठी विकल्या जातात. अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. एका गटास दररोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्यास निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक नव्हता. शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढीतील चार आमसुलांना ही भीती लागू नाही. बाजारातील कोकम सरबतात मात्र साखर भरपूर असते, हे मधुमेहींनी ध्यानात घ्यावे.