दाण्यांना काय विचारावं?

येत्या 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आणखी एक वर्ष पूर्ण होईल. जादूटोणाविरोधी कायद्यावर चर्चासत्रं होतील आणि एखादा कॅमेरा नेहमीप्रमाणे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चढेल. सूप, तांदळाचे दाणे, भगताचा चेहरा आणि खाली पट्टी: ‘अजूनही अंधश्रद्धा!’ भगत नेमकं करतो काय, याला मात्र त्या दीड मिनिटात जागा नसते.

भगत दाणे पाहतो. घरात दुखणं आलं की सुपात दाणे घेऊन एकेक नाव काढतो. हिरवा देव रुसला का? हिमाई देवी रुसली का? मेलेल्या कुणाचं काही करायचं राहिलं का? दाण्यांकडे बघत एकेक शक्यता बाद करायची आणि उरलेली धरायची. खाली कोकणात हेच काम ग्रामदेवतेपुढे होतं. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या किंवा ओले तांदूळ लावायचे, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, उजवा कौल पडला तर होकार.

असाच कौल बघायला आता चीनमधल्या आनयांगला जाऊ. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात शांग घराण्याचा राजा वू डिंग कासवाच्या पोटाकडच्या कवचावर प्रश्न विचारत असे. कवचाला मागून खाचा पाडायच्या, तिथे चटका द्यायचा आणि पुढे पडलेली चीर वाचायची. गंमत प्रश्नाच्या मांडणीत आहे. कित्येक कवचांवर उजवीकडे ‘पाऊस येईल’ आणि डावीकडे ‘पाऊस येणार नाही’ अशी दोन्ही विधानं समोरासमोर कोरलेली सापडतात. राजाची शिकार, लढाई, राणीचं बाळंतपण, दातदुखी, सगळं या दोन बाजूंत बसवलेलं. अशी लाखावर हाडं आणि कवचं मिळाली. 1899 पूर्वी ती ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधांच्या दुकानांत कुटून विकली जात होती.

या दोन बाजू पाहून यिन-यांग आठवेल, पण ते तत्त्वज्ञान नंतरचं आहे, हे आपल्याकडच्या फेंगशुईवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. ‘यी जिंग’ या प्रसिद्ध ग्रंथात अखंड आणि तुटक अशा रेघांच्या 64 आकृत्या आहेत, पण त्याच्या मूळ जुन्या भागात यिन-यांगची जोडी सिद्धांत म्हणून येत नाही. ती पुढच्या भाष्यकारांनी आणली. आधी लोकांनी प्रश्न विचारले, मग विद्वानांनी त्याचं विश्व केलं. लोकांच्या हातातलं तत्त्व बघायचं तर चिनी देवळांत आजही टाकले जाणारे दोन चंद्रकोरी ठोकळे बघावेत. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक ठोकळा सपाट आणि दुसरा फुगीर पडला तरच देवाचा होकार. दोन्ही सारखे पडले तर होकार नाही.

इकडे जव्हार-मोखाड्याकडचे वारलीही लग्नाच्या भिंतीवर सूर्य आणि चंद्र एकाच चौकात लिहितात. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांत ‘विश्वाचा समतोल’ असतो, असं हस्तकलेच्या दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. ते दोन त्रिकोण म्हणजे माणूस आहे आणि तो नाचतोय, एवढं पुरे. मोखाड्याच्या बोहाड्यात मात्र देवांइतक्याच मानानं राक्षसांचे मुखवटे नाचतात, ते मला जास्त पटतं. राक्षसाचं सोंग निघालं नाही तर देवी मारणार कुणाला?

या सगळ्यावर सगळ्यात शहाणं भाष्य एका चिनी माणसानंच केलंय. शुन्झी, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. कन्फ्युशियसच्या परंपरेतला, पण भाबडेपणा अजिबात नाही. पावसासाठी विधी केला आणि पाऊस आला, याचा अर्थ काय, असं तो स्वतःच विचारतो आणि सांगतो, काही नाही; विधी न करताही येतोच. तरीही विधी बंद करा, असं तो म्हणत नाही. मोठा निर्णय घेण्याआधी कौल घ्यावा, तो माणसाच्या जगण्याला शोभा आणतो. देव खरंच उत्तर देतो असं मानलं, की घात. आपल्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीनं आणि तिच्या विरोधकांनीही हा माणूस वाचायला हवा होता.

कारण फरक तिथेच पडतो. नांगर कधी धरायचा, सोयरीक कुठे करायची, भांडलेल्या भावांनी कोणत्या देवापुढे एकत्र बसायचं, इथे कौल उजवा पडो की डावा, कुणी मरत नाही. उलट अडलेला निर्णय सुटतो. पण दाण्यांनी देवाऐवजी शेजारच्या बाईला भुताळी ठरवलं, तर ती आयुष्यातून उठते. आणि साप चावल्यावर दाणे पाहत बसलं, तर दुसरी बाजू म्हणजे मरण. भगताच्या हातून माणसं वाचतात, कारण बहुतेक साप बिनविषारीच असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुणी विष भरलं असेल, तर प्रतिसर्पविषाशिवाय उतारा नाही. कुणावर करणी-जादूटोण्याचा ठपका ठेवून जगणं मुश्कील करणं आणि साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हे दोन्ही गुन्हे 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेले आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सुपात दाणे घेणं हा त्यात गुन्हा नाही.

तेव्हा पाड्यावर कुणाला साप चावला, तर भगतालाही गाडीत घ्या, वाटेत त्याला काय पुटपुटायचं ते पुटपुटू द्या, पण गाडी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातच थांबू द्या.