रोजच्या डोकेदुखीचे मूळ शोधताना

डोके दुखते तेव्हा मेंदू दुखत नसतो. वेदना टिपणारे चेतातंतू मेंदूत नसतातच. म्हणून रुग्ण जागा असताना, डोक्याची त्वचा बधिर करून मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणे, त्यांतल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू, डोळे, नाकाभोवतीच्या पोकळ्या, दात आणि जबड्याचा सांधा. यांपैकी बहुतेकांची संवेदना ट्रायजेमिनल या चेतेवाटे मेंदूच्या देठापर्यंत जाते. मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या चेताही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे मानेतला बिघाड कपाळात ठणकू शकतो आणि अर्धशिशीच्या झटक्यात मान आखडू शकते. दुखते एकीकडे आणि कारण असते दुसरीकडे, ही डोकेदुखीच्या निदानातली पहिली अडचण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३१० कोटी माणसांना, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. त्यातल्या बहुतेकांचे दुखणे अधूनमधून येते आणि जाते. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले असेल, तर त्याला जुनाट डोकेदुखी म्हणतात. अशा माणसाचे दुखणे दिसत नाही, ताप नसतो, रक्ताचे अहवालही ठीक येतात. मग ‘काही झालेले नाही, मनावर घेऊ नका’ असे ऐकावे लागते. प्रत्यक्षात या दुखण्याला नाव असते, कारण असते आणि बहुतेकदा उपायही असतो.

दोन मोठे गट

इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने १९८८ मध्ये डोकेदुखीचे पहिले शास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यात दुखण्यांचे दोन मुख्य गट आहेत. पहिल्या गटात डोकेदुखी हाच आजार असतो, तिच्यामागे दुसरा रोग नसतो. दुसऱ्या गटात ती दुसऱ्या आजाराचे लक्षण असते. डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न हाच असतो की समोरची डोकेदुखी कोणत्या गटातली आहे. बहुसंख्य रुग्ण पहिल्या गटातले निघतात.

या गटातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ताणाच्या डोकेदुखीचा. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते, ठसठस नसते आणि माणूस त्रासत का होईना, पण काम करत राहतो. हे दुखणे अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकते.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेनचे चित्र वेगळे असते. उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास राहतो. बहुधा एका बाजूने ठणकते, जिना चढला तरी वाढते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. काहींना झटक्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. ही पूर्वसूचना साधारण ५ मिनिटे ते तासभर टिकते. स्त्रियांमध्ये अर्धशिशीचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आहे आणि पाळीच्या आसपास झटके वाढतात. ती अनेकदा घराण्यातून येते. आईला, मावशीला ‘डोक्याचा त्रास’ होता, ही माहिती निदानाला मोठी मदत करते.

तिसरा प्रकार विरळ, पण अत्यंत तीव्र. क्लस्टर डोकेदुखीत एका डोळ्याभोवती असह्य कळ येते, तोच डोळा लाल होऊन पाणी गळते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. झटका १५ मिनिटे ते तीन तास चालतो आणि रात्री ठरावीक वेळी पुन्हा येतो. अर्धशिशीचा रुग्ण निपचित पडतो, तर हा रुग्ण येरझारा घालतो. त्याला नेहमीच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत. मास्कमधून दिलेला शुद्ध प्राणवायू किंवा सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन कामी येते.

पित्त, सायनस, चष्मा आणि बीपी

मराठी घरांत डोकेदुखीची चार कारणे ठरलेली असतात. उलटी झाली की बरे वाटते, म्हणून दुखण्याचे खापर पित्तावर फुटते. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणे आहेत. झटक्यात जठराची हालचाल मंदावते. पित्ताच्या गोळ्या घेत वर्षे निघून जातात आणि मूळ विकार तसाच राहतो.

सायनसचेही तसेच. अर्धशिशीत कपाळ आणि गाल जड होतात, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे सांगणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्के जणांचे दुखणे अर्धशिशीच्या निकषांत बसले. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप आणि वास न येणे ही लक्षणे सोबत असतील, तर सायनसच्या संसर्गाचा विचार योग्य ठरतो.

चष्म्याचा नंबर चुकला असेल तर वाचताना, पडद्यावर काम करताना डोके जड होते. पण उलटीसह ठणकणारे दुखणे नंबराने येत नाही. रक्तदाब थोडा वाढल्यानेही सहसा डोके दुखत नाही. तो १८० वर १२० च्या आसपास किंवा त्याहून वर गेला, तर मात्र ते शक्य असते आणि तेव्हा तातडीने उपचार लागतात.

गोळीमुळे टिकणारे दुखणे

रोजच्या डोकेदुखीचे एक कारण घरातल्या औषधांच्या डब्यातच असते. ज्याला आधीपासून अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे, तो वारंवार वेदनाशामके घेऊ लागला की मेंदूची वेदनायंत्रणा अधिक संवेदनशील होते. गोळीचा असर उतरला की डोके पुन्हा दुखते, त्यासाठी पुन्हा गोळी घेतली जाते आणि महिन्यातून चार वेळा येणारे दुखणे रोजचे होऊन बसते.

याचे निकष स्पष्ट आहेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेतली जात असतील, तर हा धोका असतो. ट्रिप्टान, अर्गोटामीन, अफूजन्य औषधे आणि कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्या यांच्यासाठी मर्यादा आणखी खाली, महिन्याला १० दिवस, आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ असे चालले, तर औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी धरली जाते. किराणा दुकानातही सुटी मिळणारी गोळी ‘औषध’ म्हणून कुणी मोजत नाही, म्हणून ही नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

उपाय म्हणजे ती गोळी बंद करणे. पहिले काही दिवस दुखणे वाढते, झोप बिघडते, जीव कासावीस होतो; साधारण २ ते १० दिवसांत हा काळ ओसरतो. प्रतिबंधक औषध सोबत सुरू केले, तर हा टप्पा पार करणे सोपे जाते. अफूजन्य औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी लागतात. या रुग्णांना दोष देण्यात काही अर्थ नाही. वेदनेतून सुटण्यासाठी जे हाती होते तेच त्यांनी केलेले असते.

चहा-कॉफीचाही असाच संबंध आहे. रोज भरपूर कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक सोडले, की चोवीस तासांच्या आत डोके दुखू लागते. उपवासाच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच डोके का धरते, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते.

मागे दुसरा आजार असेल तर

सकाळी उठतानाच डोके जड, रात्री मोठे घोरणे आणि दिवसभर पेंग, असे असेल तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासावा लागतो. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रीला रोज डोके दुखत असेल, वाकल्यावर क्षणभर दिसेनासे होत असेल, कानात नाडीचे ठोके ऐकू येत असतील, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो; वेळीच ओळखला नाही तर दृष्टी जाऊ शकते. उभे राहिले की दुखते आणि आडवे झाले की थांबते, असे असेल तर उलट दाब कमी झालेला असतो.

वयस्कर माणसाचे डोके साध्या धडकेनंतर काही आठवड्यांनी दुखू लागले आणि सोबत गोंधळल्यासारखे वागणे असेल, तर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेले असू शकते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लावला तरी दुखणे आणि चावताना जबडा दुखणे ही रक्तवाहिनीच्या दाहाची खूण असते. हा आजार भारतात विरळ आहे, पण त्यात अचानक अंधत्व येऊ शकते.

आपल्याकडे काही कारणे विशेष लक्षात ठेवावी लागतात. बारीक ताप, वजन घटणे आणि आठवडे-आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी ही लक्षणे एकत्र आली, तर क्षयाच्या जंतूंमुळे मेंदूच्या आवरणांना सूज आली आहे का, हे पाहतात. डोकेदुखीसोबत फिट आली, तर मेंदूतल्या कृमीच्या गाठीचा विचार होतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. बाळंतिणीला पाणी कमी देण्याच्या जुन्या रीतीने शरीरातले पाणी घटले, तर तो आणखी वाढतो. आणि हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडने डोके दुखते. घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर पडल्यावर तो थांबणे, ही त्याची खूण.

वाट पाहू नये अशी लक्षणे

क्षणार्धात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते; अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. ताप आणि मान ताठरणे, हातापायातली ताकद जाणे, बोबडी वळणे, दुहेरी दिसणे, शुद्ध हरपणे, फिट येणे, खोकताना किंवा जोर करताना वाढणारे दुखणे, गरोदरपणात नव्याने सुरू झालेले दुखणे, कर्करोग किंवा एचआयव्ही असताना उद्भवलेले दुखणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लांबवू नये. वर्षानुवर्षांच्या डोकेदुखीचे स्वरूप एकाएकी बदलले, तरीही नव्याने तपासून घ्यावे.

निदान कसे होते

डोकेदुखीचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. म्हणून नोंदवही हे सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त साधन ठरते. दोन महिने रोज तारीख, दुखण्याची वेळ आणि बाजू, तीव्रता, उलटी-मळमळ, झोप, जेवणाच्या वेळा, पाळी आणि घेतलेली प्रत्येक गोळी लिहावी. दुखणे नेमके केव्हा उठते हे त्यातून दिसते. उपाशी राहणे, जागरण, ऊन, उग्र वास, डीजेचा आवाज ही परिचित निमित्ते. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफॅलाल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे मांडली. डोक्यावरून अंघोळ केली की या रुग्णांना अर्धशिशीचा झटका येत असे. अशी निमित्ते घरच्या वहीतूनच हाती लागतात.

डॉक्टर रक्तदाब मोजतात, मान आणि कानशिले चाचपतात, चेतासंस्था तपासतात आणि डोळ्याच्या आतला पडदा पाहतात. कवटीतला दाब वाढला असेल, तर तिथल्या चेतेची सूज दिसते. तपासणीत काही न आढळल्यास आणि दुखणे ठरावीक साच्यात बसत असल्यास एमआरआयची गरज बहुधा नसते. सरसकट काढलेल्या चित्रात निरुपद्रवी ठिपके दिसतात आणि घरभर काळजी पसरते.

उपचार आणि दिनक्रम

झटक्याचे औषध सुरुवातीलाच आणि पुरेशा मात्रेत घ्यावे, पण आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. त्याहून वारंवार गरज लागत असेल, तर झटकेच कमी करणारे प्रतिबंधक औषध लागते. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची. ती वेदनाशामके नाहीत. रोज घेतली तरच आणि साधारण दोन महिन्यांनीच त्यांचा गुण कळतो. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणे, हे ती निष्फळ ठरण्याचे मोठे कारण. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी औषध निवडताना गरोदरपणाचा बेत डॉक्टरांना सांगावा. पूर्वसूचनेसह अर्धशिशी असणाऱ्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. त्या गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

अर्धशिशीच्या झटक्यात सीजीआरपी नावाचे रसायन चेतांमधून स्रवते, या शोधावर आधारलेली प्रतिपिंड औषधे २०१८ पासून वापरात आली. या संशोधनासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. इतर औषधांनी गुण न आलेल्यांना ही प्रतिपिंड औषधे उपयोगी पडतात, मात्र महाग आहेत.

औषधांइतकाच दिनक्रमही महत्त्वाचा. झोपण्या-उठण्याची एकच वेळ, न चुकवलेले जेवण, पुरेसे पाणी, मर्यादित चहा आणि नियमित चालणे यांनी झटके कमी होतात. ताणाच्या डोकेदुखीत मानेचे व्यायाम, शिथिलीकरण आणि समुपदेशन यांचा फायदा होतो. उदासी आणि चिंता जुनाट वेदनेसोबत नेहमी येतात. त्यांवरही उपचार करावे लागतात. झटके पूर्ण थांबले नाहीत, तरी दुखण्याचे दिवस निम्म्यावर येणे हे उपचारांचे चांगले यश मानले जाते. ते मिळाले की नोकरी, शाळा आणि घर पुन्हा मार्गी लागते.