किल्लीचा परवलीचा शब्द

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला आईला घेऊन स्टेशनबाहेर आलो आणि गाडीच्या किल्लीवरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. किल्लीतला नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल संपला होता. किल्लीच्या पोटातली धातूची छोटी किल्ली काढून दार तर उघडलं. पण गाडी बटणावर सुरू होणारी! शेवटी पुस्तिकेत उपाय सापडला : किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरा. तसं केलं आणि इंजिन सुरू झालं. सेल संपलेला असताना ही किल्ली गाडीशी बोलली कशी?

टीव्हीचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या उघडझापीतून हुकूम देतो. शेजाऱ्यांच्या घरी त्याच प्रकारचा टीव्ही असेल, तर आपला रिमोट तिथंही चालतो. गाडीच्या बाबतीत हे परवडणारं नाही. शिवाय गाडीची किल्ली रेडिओलहरी वापरते, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या. आकाशवाणीवरचं भाषण जसं कोणीही ऐकू शकतं, तसा हा संकेतही चोर टिपून ठेवू शकतो.

म्हणून किल्ली दर वेळी नवा परवलीचा शब्द सांगते. किल्ली आणि गाडी या दोघींकडे एकच गुप्त सूत्र असतं आणि एक आकडा असतो. बटण दाबलं की आकडा पुढं सरकतो आणि सूत्रानं सांकेतिक होऊन जातो. वापरून झालेला शब्द गाडी पुन्हा स्वीकारत नाही. खिशात चुकून बटण दाबलं गेलं, तर काही आकडे पुढचा शब्दही ती चालवून घेते.

इंजिन सुरू करायला मात्र दुसरी चिप असते. तिला सेल लागत नाही. बटणाजवळच्या तारेच्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. किल्ली अगदी जवळ धरली की त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख पटवते. त्या रात्री आम्हांला घरी पोचवलं ते हिनंच.

पुढं किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची सोय आली. इथं गाडी स्वतःच क्षीण संकेतानं विचारते, 'किल्ली जवळ आहे का?' २०११ मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडीचा प्रश्न त्यांनी यंत्रानं दूरच्या किल्लीपर्यंत पोचवला. किल्लीला वाटलं, गाडी जवळच आहे. दहाही गाड्या फसल्या. सांकेतिक भाषा फोडावी लागलीच नाही, निरोप्या झालं की पुरे! काही नव्या गाड्यांत संकेताला लागणारा वेळ मोजून किल्लीचं खरं अंतर ठरवतात, पण सर्वच गाड्यांत ती सोय नाही.

तुमची गाडी किल्ली खिशात असतानाच उघडत असेल, तर दाराजवळच्या खुंटीवर किल्ली टांगू नका. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. मात्र तो डबा एकदा गाडीपाशी नेऊन बघा. दार उघडलं, तर डबा बदला.