नैरोबीत बारा, आपल्याकडे अडीच

सकाळी सहा. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर नवऱ्याच्या नोकरीचं. पाणी भरायचं, मदर डेअरीचं दूध आणायचं, दोन डबे भरायचे. याहून सांगण्यासारखं काही नाही.

पावणेनऊ. आयएनएहून मेट्रोची यलो लाइन, राजीव चौकात ब्लू. उभ्याउभ्या मेल वाचते. चर्चशी जोडलेल्या एका विकास संस्थेत मी परकीय निधीचा हिशेब बघते. पैसा जर्मनीतल्या चर्चवाल्यांचा, काम महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांत, आणि मधे मी, माझी टॅली आणि परकीय देणग्यांचे नियम करणारं गृह मंत्रालय.

साडेनऊ. आधी बँक. परदेशी देणगी पहिल्यांदा उतरते ती दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. संस्था गडचिरोलीची असो की गोव्याची, परकीय देणगीच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीपासून सगळ्या देशाला ही एकच शाखा. तिथून पुढे कामाच्या खात्यात.

अकरा. व्हाउचरं. आज शेततळ्याच्या मजुरीचा हजेरीपट समोर आहे. निम्म्या नावांपुढे सही, निम्म्यांपुढे अंगठा. एकाची शाई शेजारच्या रकान्यात पसरलीय. टँकरवाल्याची पावती पाच हजारांच्या वरची, पण रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. परत पाठवली. मग रोजचा वाद: हा खर्च कामाचा की प्रशासनाचा? प्रशासनाची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती, आता 20. शाळेतल्या शिक्षिकेचा पगार कामात धरतात, हिशेबनिसाचा प्रशासनात. म्हणजे मी स्वतःच त्या वीस टक्क्यांतली.

बारा. नगरकडच्या एका छोट्या संस्थेचा फोन. "ताई, तुमच्याकडे पैसे आलेत, आमचं काम तुम्ही पाहिलंय. पुढे पाठवायला काय हरकत आहे?" हरकत कायद्याची. आलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देणं 2020च्या त्याच दुरुस्तीनं बंद झालं. तिची नोंदणी असली तरीही. मोठ्या संस्थेनं परदेशी पत्रव्यवहार सांभाळायचा आणि गावातल्या छोट्या संस्थेनं काम करायचं, ही जुनी घडी त्यानं मोडली. गैरव्यवहाराला आळा हवाच, पण इथे झळ बसली ती ज्यांना इंग्रजी कारकून परवडत नाही त्यांना. हे मी ऑफिसातही बोलते.

अडीच. बर्लिनमध्ये अकरा, नैरोबीत बारा. तिघांचा कॉल. केनियातल्या चर्चचे सहकारी आणि आम्ही एकाच जर्मन संस्थेचे भागीदार, त्यामुळे फॉर्मही तोच भरतो. आज नैरोबीवाल्यांनी जॉन गाटूंचा विषय काढला. केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या या नेत्यानं 1971मध्ये सांगितलं होतं, पाश्चात्त्यांनी मिशनरी आणि पैसा दोन्ही पाठवणं काही काळ थांबवावं, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्यावं. 1974मध्ये लुसाकाच्या अधिवेशनात अखिल आफ्रिकी चर्च परिषदेनं ती मागणी उचलून धरली. पुरता हात आखडला नाही कुणी, पण हळूहळू 'दाता' जाऊन 'भागीदार' आला.

त्यावर मी नगर जिल्ह्यातल्या जामखेडचं सांगितलं. 1970मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननं ते काम जगापुढे नेलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975च्या पुस्तकात ते आलं, आणि 1978च्या अल्मा-आताच्या जाहीरनाम्यामागे जी उदाहरणं होती त्यांत जामखेडही होतं. पुढे आफ्रिकेतून माणसं तिथे शिकायला आली. युरोपातून पैसा येतो हे खरं, पण नगर जिल्ह्यातली बाई आफ्रिकेतल्या कार्यकर्त्याला शिकवते हेही तितकंच खरं. आमच्या फॉर्मात पहिल्याला सात पानं आहेत, दुसऱ्याला एक रकाना नाही. मी तसं म्हटलं. नैरोबीवाले मोठ्यानं हसले. बर्लिनच्या बाईंनी लिहून घेतलं.

साडेचार. तिमाहीत किती देणगी आली ते पूर्वी पंधरा दिवसांत जाहीर करावं लागे; तो नियम 2022मध्ये गेला, माझी सवय राहिली. आकडे जुळवले. एकतीस डिसेंबरच्या वार्षिक विवरणाची फाईलही उघडली, लगेच मिटली.

साडेसहा. आयएनए मार्केटातून सुरमई. घासाघीस केली, फारसं सुटलं नाही.

रात्री नऊ. नगरच्या संस्थेला मेल: तुम्ही स्वतःच नोंदणीसाठी अर्ज करा. त्यासाठी संस्था तीन वर्षं चालू असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले दाखवावे लागतात. त्यांचा आकडा अजून तिथवर पोचलेला नाही.