गुऱ्हाळावर जाताना…

हंगाम : दिवाळीच्या आगेमागे चुलवाण पेटतं. थंडीत, शक्यतो सकाळी जावं. कोल्हापूरजवळ करवीर, पन्हाळा भागांत गुऱ्हाळं आहेत. आधी मालकाला विचारून मगच आत जावं.

काय पाहाल : चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळतो, आणि आधी गाळलेल्या उसाची वाळलेली चिपाडं खाली जळण म्हणून जातात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी फेसासोबत वर येते. ती झाऱ्याने काढत राहतात. यानंतर सगळी मदार गुळव्यावर, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरावर. पाकाचा थेंब तो पाण्यात टाकतो, बोटांनी चाचपतो. गोळी जमली की काहील लगेच उतरवायची. क्षणभर उशीर झाला तरी गूळ करपतो. हे कसब जवळ उभं राहून पाहण्यासारखं आहे. पाक वाफ्यात ओतून घोटतात, मग साच्यात गुळाचे रवे पडतात.

काय घ्याल : काकवी आधी. गूळ होण्याच्या अलीकडे काढलेला हा पाक गरम भाकरीबरोबर खावा. गूळ घेताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नका. तो उजळवायला सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. तपकिरी गूळ मागा, गूळपोळीला तोच घ्या. पोळी शिकायची असेल, तर मुक्कामाच्या घरच्या काकूंना विचारा. सारण किती घट्ट हवं ते हातानेच कळतं.

बाजार : कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ वाढली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे.