घरचा मसाला

चैत्र सरून वैशाख लागला, की महाराष्ट्रातील अनेक गावांत गच्च्यांवर आणि अंगणांत लाल मिरच्यांचे वाळवण पसरलेले दिसते. कोठे धणे निवडले जातात, कोठे सुके खोबरे किसले जाते, आणि कढईत भाजल्या जाणाऱ्या मसाल्याचा वास सबंध आळीत दरवळतो. पूर्वी हा मसाला उखळात मुसळाने कांडीत असत. आता तो बहुधा कांडप यंत्रावर कुटून आणतात. पावसाळ्यापूर्वी वर्षभराचा मसाला डब्यात भरून ठेवावयाचा, हा घरोघरचा नेम होता. अलीकडे पुष्कळ घरांतून हा नेम सुटला आहे. दुकानात जावे, हव्या त्या मसाल्याचे पाकीट आणावे आणि भाजीत टाकावे, इतके ते काम सोपे झाले आहे. या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पाकिटात काय आहे आणि ते तेथे कशासाठी आहे, हे खाणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे.

मसाला म्हणजे वनस्पतींच्या निरनिराळ्या भागांचे वाळवून केलेले मिश्रण होय. लवंग ही झाडाची कळी, दालचिनी ही साल, मिरी हे फळ, तर हळद हे जमिनीखाली वाढणारे खोड. दगडफूल हे नावाप्रमाणे दगडही नव्हे आणि फूलही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून झाडांच्या सालींवर व खडकांवर ते वाढते. या बहुतेक पदार्थांचा सुवास त्यांतील सुगंधी तेलांमुळे येतो. ही तेले हवेत सहज उडून जातात. अख्ख्या लवंगेत किंवा जिऱ्यात ती आत सुरक्षित असतात. पण त्याच जिऱ्याची पूड केली, की तिचा कणन्‌कण हवेला उघडा पडतो आणि सुवास दिवसेंदिवस कमी होत जातो. म्हणूनच अख्खा मसाला फार दिवस टिकतो आणि कुटलेला मसाला लवकर मंदावतो.

कारखानदाराची अडचण येथेच सुरू होते. त्याने केलेली पूड शेकडो मैलांचा प्रवास करते, कोठारात आणि दुकानात पुष्कळ दिवस पडून राहते. तरीही ती मोकळी, चवदार आणि रंगाने उठावदार असावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करण्यासाठी काही मिश्रणांत मसाल्याखेरीज आणखीही द्रव्ये घातली जातात. त्यांना आपण पूरक द्रव्ये म्हणू. हवेतील ओलावा लागून पुडीच्या गुठळ्या होऊ नयेत, म्हणून सिलिकॉन डायॉक्साइड घालतात. पाकिटावर त्याचा क्रमांक ५५१ असा असतो. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल घालतात. त्याचा क्रमांक ३३०. चव अधिक भरीव लागावी म्हणून मोनोसोडियम ग्लुटामेट घालतात. त्याचा क्रमांक ६२१. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये एका समुद्री शेवाळाच्या कढणातून या चवीचे मूळ शोधून काढले होते. यांशिवाय मीठ, साखर किंवा पिष्टापासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन यांनीही काही पाकिटांतील बराच भाग व्यापलेला असतो.

ही द्रव्ये म्हणजे विष नव्हे. कायद्याने ठरवून दिलेल्या पदार्थांत, ठरवून दिलेल्या मर्यादेतच ती वापरता येतात. भारतात यासाठी १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, आणि पुढे त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. मिश्रणात काय काय आहे, हे पाकिटावर छापावे लागते. आणि ज्याचे वजन अधिक ते आधी, या क्रमाने छापावे लागते. म्हणजे यादीत पहिले नाव मिठाचे असेल, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठच अधिक विकत घेत आहोत, हे उघड आहे. सांगून घातलेले प्रत्येक द्रव्य फसवणुकीचे असते, असेही नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. कारण मूळ हिंग इतका उग्र असतो, की तो बेताने वापरणेच कठीण जाते.

भेसळीची गोष्ट मात्र वेगळी. भेसळ सांगून केली जात नाही. बांगलादेशातील हळदीचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोठा पूर आला. हळद भिजली, नीट वाळली नाही आणि तिचा रंग फिका पडला. फिक्या हळदीला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा काहींनी हळकुंडांना शिसे असलेला पिवळाधमक रंग चोळण्यास आरंभ केला. पूर ओसरला, पण ही रीत मागे राहिली. शिसे शरीरात गेले, की मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा पोहोचते. आणि त्याला वास नाही, की जेवताना ते ओळखू येत नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी ही गोष्ट उघडकीस आणली, तेव्हा बाजारातील तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे सापडले. त्यानंतर सरकारने लोकांना सावध केले, बाजारांत तपासणी केली आणि दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांतून हे शिसे नाहीसे झाले. या प्रकरणात व्यापाऱ्यांचा अपराध मोठा होता, यात शंका नाही. पण त्या अपराधाला वाट मिळाली, ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना पिवळ्या झळाळीची भूल पडली म्हणून.

मग पूरक द्रव्यांवाचून मसाला करावयाचा कसा? याचे उत्तर शोधण्याची एक सोपी रीत आहे. हे द्रव्य कोणते काम करते, असा प्रश्न आधी विचारावा, आणि तेच काम आपल्या स्वयंपाकघरात कशाने होते, ते पाहावे. गुठळ्या होतात त्या ओलाव्याने. तेव्हा ओलावाच आत येऊ दिला नाही, तर गुठळ्या मोडणाऱ्या द्रव्याची गरज उरत नाही. वैशाखातील कडक उन्हात मिरच्या कुरकुरीत होईपर्यंत वाळवणे, मसाला मंद आचेवर भाजणे, तो पुरता निवल्यावरच डब्यात भरणे आणि डब्यात ओला चमचा कधीही न घालणे, या साऱ्या रीती त्यासाठीच आहेत. गरम मसाला झाकून ठेवला, तर त्याच्या वाफेचे झाकणावर पाणी होते आणि तेच पुन्हा मसाल्यात उतरते. मसाल्याच्या डब्यात हिंगाचे खडे ठेवण्याचीही जुनी पद्धत आहे.

रंगासाठी रंग घालण्याचे कारण नाही. त्यासाठी मिरचीची निवड करावी लागते. कर्नाटकातील ब्याडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट असते. ती रंग देते, आणि दुसरी एखादी झणझणीत मिरची तिखटपणा देते. दोन्हींचे प्रमाण जुळवले, की रंग आणि तिखट दोन्ही साधतात. आंबटपणासाठी कोकणात आमसूल, इतरत्र चिंच आणि कैरी वाळवून केलेला आमचूर वापरतात. चवीला भरीवपणा हवा असेल, तर कोल्हापूरकडील कांदा-लसूण मसाल्याकडे पाहावे. वाळवून तळलेला कांदा, लसूण, तीळ आणि भाजलेले सुके खोबरे यांनी रश्श्याला जी खोली येते, तिला पाकिटातील चूर्णाची जोड लागत नाही.

ज्याला आरंभ करावयाचा आहे, त्याने धणे-जिऱ्याच्या पुडीपासून करावा. चार वाट्या धण्यांना एक वाटी जिरे घ्यावे. दोन्ही निवडून, वेगवेगळी आणि मंद आचेवर भाजावीत. कारण जिरे धण्यांच्या आधी भाजून होते, आणि एकत्र भाजल्यास एक करपते, तर दुसरे कच्चे राहते. भाजलेले जिन्नस निवले, की कुटून चाळावेत आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. मुलांनी विस्तवाजवळचे काम घरातील वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. हे जमले, की तीळ, खोबरे, दगडफूल, दालचिनी, लवंग, नागकेशर यांची भर घालून गोडा मसाल्याकडे वळता येते. मात्र तीळ आणि खोबरे तेलकट असल्यामुळे तो मसाला फार दिवस ठेवल्यास खवट होतो. म्हणून थोडाच करावा आणि वेळेवर संपवावा.

घरचा म्हणून प्रत्येक मसाला चांगलाच, असे मात्र समजू नये. अर्धवट वाळलेल्या मिरच्यांना बुरशी येते, आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य तयार होते. ते भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही. म्हणून बुरसट मिरची घरची असली, तरी ती टाकूनच द्यावी. शिवाय, शहरातील प्रत्येक घराला अंगण नसते आणि प्रत्येकाला सवडही नसते. अशांनी अख्खा मसाला आणून लागेल तेवढाच दळावा. तेही शक्य नसेल, तर पाकीट हाती घेतल्यावर पुढच्या बाजूचे चित्र पाहून न थांबता, मागच्या बाजूची बारीक अक्षरांतील यादी वाचावी. धणे, जिरे, मिरची, हळद अशी ओळखीची नावे दिसली, तर ते पाकीट निवडावे.

घरी केलेल्या मसाल्याचा रंग दरवर्षी सारखा येत नाही. एखाद्या वर्षी मिरची कमी लाल निघते, एखाद्या वर्षी हळद थोडी फिकी असते. ऊन, पाऊस आणि माती यांच्यामुळे पडणारा तो स्वाभाविक फरक होय. तो दोष मानून जो केवळ झळाळी मागतो, त्याला कोणीतरी ती झळाळी विकणारा भेटतोच. जो फिक्या हळदीलाही हळद म्हणून घरात घेतो, त्याच्या दारी मात्र भेसळ करणाऱ्याची डाळ शिजत नाही.